बोअरचं पाणी आणि म्युनिकची हेलेस: यीस्ट बदलू की पाणी?

संत्र्याची_साल | ९ जानेवारी, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी.

नागपूरजवळच्या एका लहान मायक्रोब्रूअरीत मी ब्रूअर आहे. परवाना जागेच्या नावावर आहे. मोठ्या टाक्यांशेजारी मालकांनी ५० लिटरचा एक पायलट सेट लावून दिलाय, नवीन रेसिपी मी त्यावर करून बघते. गव्हाची बिअर आणि स्टाउट आमच्याकडे छान होतात, लोक मागून घेतात. दिवाळीपासून मात्र मी म्युनिकच्या हेलेसमागे लागले आहे, तीन बॅच झाल्या, आणि मनासारखी एकही नाही.

हेलेस म्हणजे फिकट सोनेरी लागर, थंडीत सावकाश आंबवलेली बिअर. तोंडात ताज्या पावाची गोडी यावी, कडवटपणा मऊ असावा आणि घोट गिळला की तोंड स्वच्छ व्हावं. माझी रेसिपी साधी आहे: जवळजवळ सगळं पिल्सनर माल्ट (माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य), थोडं म्युनिक माल्ट, कडवटपणासाठी हालरटाउ मिटेलफ्रू हॉपची फुलं, कडवटपणा १८ आयबीयू, म्हणजे कडवटपणा मोजायच्या एककात १८.

पहिल्या बॅचला एस-२३ यीस्ट, १३ अंशांवर. फळांचा वास आला. मला तो नको होता.

दुसरीला डब्ल्यू-३४/७०, ११ अंशांवर. फळांचा वास गेला, पण आंबणं सुरू व्हायलाच अडीच दिवस लागले आणि शेवटी लोण्याचा वास राहिला. त्याहून वाईट म्हणजे घोटानंतर जिभेवर तुरटपणा. चहा फार वेळ उकळला की येतो तसा.

तिसरीला तेच यीस्ट, आणि मॅशमध्ये, म्हणजे गरम पाण्यात भिजवलेल्या माल्टमध्ये, ५ टक्के साउअरमाल्ट, म्हणजे आम्लयुक्त माल्ट. मॅशचा पीएच ५.६ आला. तुरटपणा कमी झाला, गेला नाही.

पाणी बोअरचं आहे, नळाची लाइन आमच्यापर्यंत आलेली नाही. डिसेंबरचा लॅब रिपोर्ट, सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति लिटर: कॅल्शियम ८४, मॅग्नेशियम ४४, सोडियम ३०, क्लोराइड ६२, सल्फेट ३८, एकूण क्षारता, म्हणजे पाण्याची आम्ल गिळायची ताकद, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात ३३०. पीएच ७.६.

पिण्याच्या पाण्याच्या आपल्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, क्षारतेची स्वीकार्य मर्यादा २०० आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० आहे. म्हणून मी पाण्याकडे फार लक्ष दिलं नाही. आता चौथ्या बॅचला कुठलं यीस्ट घ्यावं? एस-१८९ बद्दल चांगलं ऐकलंय. कुणी वापरलंय का?

तर्री_पोहे | ९ जानेवारी, रात्री ११:२०

ताई, मस्त धागा. मी तर वाचूनच खूश झालो. एक विचारू का, हे घरी जमते का? माझ्या घरी एक जुना फ्रीज रिकामा पडून आहे. वीस लिटरचीच करीन म्हणतो.

एलआयटी_९४ | १० जानेवारी, सकाळी ८:०५

तर्रीभाऊ, फ्रीजमध्ये भाजीच ठेवा. महाराष्ट्रात परवान्याशिवाय मद्य तयार करणं हा १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे. बिअर त्यात येते आणि वीस लिटरही येतात. ताईंची जागा परवान्याची आहे म्हणून इथे मोकळेपणाने बोलता येतं.

शिकायचंच असेल तर यीस्ट घालण्याच्या आधीचा सगळा भाग घरी शिका. माल्ट कोमट पाण्यात भिजवा, ६५ अंशांवर तासभर धरा, पीएच मोजा, आयोडीनचा थेंब टाकून स्टार्च संपला का बघा. खरी विद्या त्याच तासाभरात आहे.

ताई, तुमचा रिपोर्ट वाचून यीस्टबद्दल काही बोलावंसंच वाटत नाही. ३३० क्षारतेवर फिकट लागर? आधी पाण्याचं बोलू.

काळा_पत्थर | १० जानेवारी, सकाळी १०:३०

भूजलाच्या कामात माझी हयात गेली, त्यामुळे पाण्यावर दोन शब्द लिहितो. बिअरमधलं मला कळत नाही.

नागपूर दोन खडकांच्या सांध्यावर बसलं आहे. पश्चिमेकडे दख्खनचा काळा पत्थर, म्हणजे बसाल्ट. सीताबर्डीची टेकडी त्याचीच. पूर्वेकडे त्याहून कितीतरी जुने नाइस आणि शिस्ट, आणि उत्तरेला कामठीकडे गेलात की कोळशाबरोबरचे वाळूचे खडक. एकाच शहरात दोन बोअरचं पाणी इतकं वेगळं का, ते यावरून कळेल.

पावसाचं पाणी मातीतून झिरपताना तिथला कार्बन डायऑक्साइड घेतं आणि सौम्य आम्ल होतं. ते आम्ल बसाल्टमधली खनिजं हळूहळू विरघळवतं. प्लॅजिओक्लेझमधून कॅल्शियम येतं, पायरॉक्सीनमधून मॅग्नेशियम, आणि दोन्हींच्या जोडीला बायकार्बोनेट. तुमच्या रिपोर्टात मॅग्नेशियम ४४ आहे, ही काळ्या पत्थराची खूण समजा. चुनखडीच्या प्रदेशात कॅल्शियमच्या मानाने ते बरंच कमी असतं.

नळाचं पाणी वेगळं. ते पेंच आणि कन्हानचं, म्हणजे धरणाचं आणि नदीचं. खडकाशी त्याचा संबंध कमी वेळ येतो, म्हणून ते बोअरच्या मानाने हलकं असतं.

डिसेंबरच्या एका रिपोर्टवर वर्षभर विसंबू नका. पावसाळ्यानंतर बोअरमध्ये ताजं पाणी मिसळलेलं असतं, मे महिन्यात खोलचं जुनं पाणी वर येतं. वर्षातून दोनदा तरी तपासा, एकदा दिवाळीच्या सुमारास आणि एकदा मेमध्ये.

आंबवण | १० जानेवारी, दुपारी ३:१०

मी बिअर पीत नाही आणि करत नाही, पण पाण्याचं बोलताय म्हणून लिहिते. आमच्या जुन्या घरी बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ शिजायचीच नाही. कुकरच्या सहा शिट्ट्या झाल्या तरी दाणा वेगळा. नळाच्या पाण्यात तीच डाळ तीन शिट्ट्यांत मऊ. सासूबाई डाळीपुरता नळाचा एक हंडा वेगळा भरून ठेवायच्या. उन्हाळा संपला की कूलरच्या वाळ्यावर पांढरा थर चढलेला असायचा, चाकूने खरवडावा लागायचा.

ज्या पाण्यात डाळ शिजत नाही त्यात तुमचं धान्य तरी कसं नीट शिजेल?

एलआयटी_९४ | १० जानेवारी, सायंकाळी ६:४५

काकू, तुमचं निरीक्षण अगदी बरोबर. पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम डाळीच्या पेशींच्या भिंतींतल्या पेक्टिनला घट्ट बांधतं, म्हणून दाणा फुटत नाही.

बिअरमध्ये मात्र थोडं उलटं आहे. इथे कॅल्शियम हवं असतं. ते माल्टमधल्या फॉस्फेटशी जोडी करून खाली बसतं, त्यातून आम्ल सुटतं आणि मॅशचा पीएच उतरतो. गडबड करतं ते बायकार्बोनेट. ते आम्ल गिळतं. म्हणजे ताईंच्या पाण्यात पीएच खाली ओढणारे आणि वर ढकलणारे दोघेही हजर आहेत आणि वर ढकलणारा फार जबरदस्त आहे.

हा हिशेब बर्लिनच्या पॉल कोलबाखने १९५३ साली मांडला. त्याला उर्वरित क्षारता म्हणतात. एकूण क्षारतेतून कॅल्शियम भागिले १.४ आणि मॅग्नेशियम भागिले १.७ वजा करायचे. ताईंचं पाणी घेऊ: ८४ भागिले १.४ म्हणजे ६०, ४४ भागिले १.७ म्हणजे २६. ३३० मधून ८६ गेले, उरले २४४.

जर्मन अंशांत, म्हणजे जर्मनीत पाण्यासाठी वापरतात त्या एककात, हे १३.७ होतात, कारण १ जर्मन अंश म्हणजे १७.८ मिलिग्रॅम. कोलबाखच्या मोजणीत दर १० अंशांना पीएच सुमारे ०.३ ने चढतो. नुसतं पिल्सनर माल्ट शुद्ध पाण्यात भिजवलं तर पीएच ५.७५ च्या आसपास येतो. त्यात ०.४ मिळवा, ६.१५ झाले. हवा ५.३ ते ५.४.

इसारकाठ | १० जानेवारी, रात्री ११:५५

मी मूळचा नागपूरच्या धरमपेठेतला, आता बरीच वर्षं म्युनिकमध्ये. इथे घरगुती बिअर करायला परवानगी आहे, २०२४ पासून वर्षाला ५०० लिटरपर्यंत करही नाही, आधी ही मर्यादा २०० होती. महिन्यातून एकदा हेलेस करतो. ताई, तुमचा रिपोर्ट पाहिला आणि मला आमच्या इथल्या नळाची आठवण झाली.

म्युनिकचं पाणीही जडच आहे. बायकार्बोनेट ३०० च्या जवळ, कॅल्शियम ७५ ते ८०, मॅग्नेशियम २० च्या आत. उर्वरित क्षारता काढली तर १७५ च्या आसपास येते. म्हणूनच हे शहर शतकानुशतकं गडद बिअरचं होतं. गडद भाजलेलं माल्ट स्वतः आम्ल असतं, ते या पाण्याला आवरतं. पाण्यात काही न करता डंकेल चांगली व्हायची, फिकट बिअर करायला गेलं की बिघडायची.

पिल्सेनला १८४२ मध्ये योसेफ ग्रोलने फिकट लागर केली. त्याच्या हाताला गुण होताच, पण पाण्याने साथ दिली. तिथल्या पाण्यात कॅल्शियम जेमतेम १० आणि बायकार्बोनेट १५ च्या घरात, जवळजवळ पावसाचंच पाणी. म्युनिकला फिकट बिअर काढायला अर्धं शतक लागलं. श्पाटेन ब्रूअरीने हेलेसचं पहिलं पिंप चाचणीसाठी हॅम्बुर्गला पाठवलं ते १८९४ च्या मार्चमध्ये. पाण्यातलं बायकार्बोनेट काढायला शिकल्याशिवाय हे पाणी फिकट बिअरला चालणारं नव्हतं.

म्हणून माझं सांगणं असं की तुमची अडचण नागपूरची म्हणून नाही. हेलेसच्या जन्मगावाने हीच अडचण सोडवली होती. फक्त तुमची थोडी अधिक कठीण आहे.

संत्र्याची_साल | ११ जानेवारी, सकाळी ७:३०

हे वाचून रात्री उशिरापर्यंत जागी होते. मग करायचं काय? पाणी उकळून घेऊ? की लॅक्टिक आम्ल घालू? ८० लिटर लागतं मला एका बॅचला, मॅश आणि स्पार्ज (चोथा धुणं) धरून.

एलआयटी_९४ | ११ जानेवारी, सकाळी ९:१५

तिन्ही वाटांचा हिशेब मांडतो.

उकळणं: उकळल्यावर कॅल्शियम बायकार्बोनेट फुटून कॅल्शियम कार्बोनेट खाली बसतं, तुमच्या गिझरच्या कॉइलवर बसतं तेच. पण मॅग्नेशियमचं बायकार्बोनेट असं सहज खाली बसत नाही. कॅल्शियम ८४ म्हणजे कार्बोनेटच्या हिशेबात २१०. ते सगळं गेलं असं धरलं तरी ३३० पैकी १२० मागे उरतात, आणि सगळं कधीच जात नाही. प्रत्यक्षात १७० च्या आसपास क्षारता राहील, आणि कॅल्शियम मात्र हातचं गेलेलं असेल. म्युनिकच्या पाण्याला उकळणं बऱ्यापैकी लागू पडतं. काळ्या पत्थराच्या पाण्याला पडत नाही, पत्थरकाकांनी सांगितलेल्या मॅग्नेशियममुळे.

चुना: विरलेला चुना घातला की बायकार्बोनेटचं कार्बोनेट होऊन तळाशी बसतं. जुन्या जर्मन ब्रूअऱ्यांची हीच पद्धत. पण मॅग्नेशियम जास्त असेल तर साधा डोस पुरत नाही. पाण्याचे दोन भाग करायचे, मोठ्या भागात सगळा चुना घालून पीएच ११ च्या जवळ न्यायचा म्हणजे मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड होऊन बसतं, मग उरलेला भाग त्यात मिसळायचा. मोठ्या टाकीला हे परवडतं. ८० लिटरला मोजमापात चूक झाली तर पाणी उलट अधिक क्षारी होईल.

लॅक्टिक आम्ल: नुसती उर्वरित क्षारता शून्यावर आणायला ८० लिटरला ८८ टक्क्यांचं आम्ल ३३ मिलिलिटर लागेल. म्हणजे लिटरमागे चारशेहून जास्त मिलिग्रॅम लॅक्टेट. तेवढ्यावर ते जिभेला जाणवू लागतं. हेलेसला ताकाची चव येईल.

राहता राहिलं आरओ. आरओचं पाणी घ्या आणि हवे ते क्षार मोजून घाला.

तर्री_पोहे | ११ जानेवारी, सकाळी १०:००

भाऊ, आरओ म्हणजे जितके चांगले पाणी तितके किंवा त्याहून जास्त वाया. मे महिन्यात आमच्याकडे टँकरची वाट पाहून राहतो माणूस, आणि इकडे बिअरसाठी पाणी नालीत? मला हे पटत नाही.

संत्र्याची_साल | ११ जानेवारी, दुपारी १:२०

तर्रीभाऊ, तुम्ही बोललात ते मलाही टोचतं. आमच्याकडे आरओचा प्लांट मोठ्या टाक्यांच्या धुण्यासाठी आधीच आहे. त्याचं टाकाऊ पाणी एका टाकीत साठवून फरशी आणि बाहेरचं आवार धुवायला वापरतो, नालीत सोडत नाही. शिवाय ते बागेला घालत नाही, क्षारांनी माती बिघडते. पायलटला ८० लिटर त्यातून घेणं जमेल. मोठ्या टाकीची वेळ आली की चुन्याचा विचार करीन, हे इथे लिहून ठेवते.

इसारकाठ | ११ जानेवारी, सायंकाळी ७:४०

ताई, एक विचारायचं राहून गेलं. तिसऱ्या बॅचला तुम्ही साउअरमाल्ट घातलं, मॅश ५.६ वर आला. स्पार्जला, म्हणजे चोथा धुवायला, पाणी कुठलं घेतलं?

संत्र्याची_साल | ११ जानेवारी, रात्री ८:१०

बोअरचंच. ७८ अंशांना तापवून. त्यात काही घातलं नाही.

इसारकाठ | ११ जानेवारी, रात्री ८:३५

मग तुमचा तुरटपणा तिथून येतोय. साउअरमाल्टचं आम्ल पहिल्या पाण्याबरोबर निघून गेलं. नंतर तुम्ही ३३० क्षारतेचं तापलेलं पाणी चोथ्यावर ओतलंत. साखर संपत आलेली, आम्ल संपलेलं, वरून पाणी क्षारी आणि गरम. अशा वेळी टरफलातलं टॅनिन सुटतं. चहाचं उदाहरण तुम्हीच पहिल्या पोस्टमध्ये दिलंत.

तिसऱ्या बॅचचा शेवटचा रस, म्हणजे चोथा धुताना शेवटी निघालेलं पाणी, त्याचा पीएच मोजला होता का?

संत्र्याची_साल | १२ जानेवारी, सकाळी ११:००

नव्हता मोजला. आज सकाळी मुद्दाम दोन किलो माल्टचा छोटा मॅश लावला, तिसऱ्या बॅचसारखाच, आणि बोअरच्या पाण्याने धुतला. पहिला रस ५.६. शेवटचा ६.३. दोन्ही थंड करून मोजले. शेवटचा रस बोटावर घेऊन चाखला तर तोच तुरटपणा, पातळ आणि स्पष्ट.

दोन महिने मी यीस्टची पाकिटं बदलत बसले होते. आत्ता इतकं बरं वाटतंय की सांगता येत नाही.

एलआयटी_९४ | १२ जानेवारी, दुपारी १२:३०

छान केलंत, मोजलंत. पीएच मीटर ४.०१ आणि ७.०० च्या बफरवर त्याच दिवशी लावून घेत जा आणि नमुना २५ अंशांपर्यंत थंड झाल्यावरच बुडवा. गरम मॅशचा पीएच थंडपेक्षा सुमारे ०.३ ने कमी असतो आणि गरमात इलेक्ट्रोडही लवकर मरतो. कागदी पट्ट्यांवर विसंबू नका, माल्टच्या रंगात त्या फसवतात.

८० लिटर आरओसाठी माझा हिशेब: कॅल्शियम क्लोराइड १० ग्रॅम, जिप्सम ३ ग्रॅम. कॅल्शियम ४३ च्या आसपास, क्लोराइड ६०, सल्फेट २१. हेलेसमध्ये क्लोराइड सल्फेटपेक्षा वर ठेवा, माल्टची गोलाई वाढते. सल्फेट वाढलं की हॉपचा कडवटपणा कोरडा आणि टोकदार होतो, उत्तर जर्मनीच्या पिल्सला तो शोभतो. कॅल्शियम क्लोराइडचा डबा घट्ट बंद ठेवा, ते हवेतली ओल ओढतं आणि मग वजन खोटं येतं.

१० किलो धान्यात ३०० ग्रॅम साउअरमाल्ट. साधारण एक टक्क्याला पीएच ०.१ उतरतो. हिशेबाने ५.४ यायला हवा.

आंबवण | १२ जानेवारी, दुपारी २:००

हे साउअरमाल्ट म्हणजे आंबवलेलं धान्यच का? आम्ही ज्वारीचं पीठ रात्री भिजवून आंबील करतो, तसं काही?

इसारकाठ | १२ जानेवारी, सायंकाळी ६:१५

हो काकू, नातं जवळचंच आहे. माल्टवर जे लॅक्टिक जिवाणू निसर्गतःच असतात त्यांनाच वाढू देऊन ते आंबट करतात. जर्मनीत १५१६ च्या शुद्धतेच्या नियमाची परंपरा आहे, बाटलीतलं आम्ल बिअरमध्ये ओतता येत नाही. मग आम्लही धान्यातूनच काढतात.

आता यीस्ट. ताईंचा मूळ प्रश्न तोच होता आणि त्यावर कुणी बोललंच नाही.

लागर यीस्ट हा संकर आहे. एक पालक आपल्या पावाचं आणि एल, म्हणजे उबेत आंबणाऱ्या बिअरचं नेहमीचं यीस्ट. दुसरा थंडी सहन करणारा, सॅकरोमायसिस युबायॅनस, तो जंगलात सापडला २०११ मध्ये, पॅटागोनियात. त्या पालकामुळे हे यीस्ट १० अंशांवरही काम करतं. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हानसेनने १८८३ मध्ये लागर यीस्टचं शुद्ध वाण वेगळं करून वापरात आणलं.

डब्ल्यू-३४/७० हे वाइनश्टेफानचं वाण आणि माझ्या मते तुम्ही योग्यच निवडलं आहे. एस-१८९ चांगलं आहे, माल्ट थोडं पुढे आणतं, पण तुमच्या दुखण्यावर ते औषध नाही. एस-२३ मला हेलेससाठी आवडत नाही, फळांचा वास देतं, तुम्हालाही तेच आलं.

५० लिटरला किती पाकिटं घातली होती?

संत्र्याची_साल | १२ जानेवारी, रात्री ९:२०

दोन. ११.५ ग्रॅमची. पाण्यात भिजवून.

इसारकाठ | १२ जानेवारी, रात्री ९:५०

ताई, तिथे दुसरा घोटाळा. यीस्टच्या कंपनीचीच शिफारस १०० लिटरला ८० ते १२० ग्रॅम आहे, तीही १२ अंशांच्या वर. तुम्ही २३ ग्रॅम टाकले, म्हणजे १०० लिटरला ४६. थंडीत अर्धं सैन्य पाठवलंत. म्हणून अडीच दिवस काही हललं नाही. तेवढ्या वेळात यीस्टला स्वतःची संख्या वाढवत बसावं लागतं आणि त्याच वाढीत लोण्याच्या वासाचा कच्चा माल पेशींतून बाहेर सांडतो. ५० लिटरला पाच पाकिटं घ्या.

पाकिटं कशी मागवता? कुरिअरने?

संत्र्याची_साल | १२ जानेवारी, रात्री १०:१५

हो, कुरिअरने. दुसऱ्या आणि तिसऱ्या बॅचची पाकिटं मेमध्ये मागवलेली होती. तारीख बाकी होती म्हणून वापरली.

काळा_पत्थर | १३ जानेवारी, सकाळी ७:००

मे महिन्यात? २०१३ च्या मेमध्ये नागपूरला ४७.९ अंश नोंदले गेले होते. दरवर्षी तितकं नसतं, पण बंद गाडीत आणि गोदामात त्याहून कमी नक्कीच नसेल. बियाणंसुद्धा असं ठेवलं तर उगवत नाही.

इसारकाठ | १३ जानेवारी, दुपारी ४:००

काका, अगदी बरोबर उपमा दिलीत. सुकं यीस्ट जिवंत असतं, फक्त झोपलेलं. चार-सहा दिवस चाळिशीच्या वर राहिलं तर बरंच मरतं आणि पाकिटावरची तारीख ते सांगत नाही. नागपूरसाठी माझा सल्ला: वर्षाचं सगळं यीस्ट डिसेंबर-जानेवारीत मागवा आणि ४ अंशांच्या फ्रीजमध्ये ठेवा. द्रव यीस्ट त्याहून नाजूक, ते तर उन्हाळ्यात मागवूच नका. सुकं ३४/७० यात कुठेही कमी पडत नाही.

बव्हेरियात १५५३ पासून २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर बिअर करायला बंदीच होती. उन्हाळ्यात बिअर नासायची म्हणून. १८७० च्या दशकात कार्ल फॉन लिंडेचं शीतयंत्र श्पाटेनमध्ये आलं तेव्हा लागर ऋतूच्या हातून सुटली.

तर्री_पोहे | १३ जानेवारी, रात्री ९:००

लोण्याचा वास जाते कसा मग? टाकून द्या लागते का बॅच?

एलआयटी_९४ | १३ जानेवारी, रात्री ९:४०

नाही, यीस्टच तो परत खातं. त्या वासाला डायअसेटिल म्हणतात. साखर थोडी उरलेली असताना तापमान १६ अंशांपर्यंत चढवायचं, दोन-तीन दिवस तसंच ठेवायचं. यीस्ट जागं असतं, ते डायअसेटिल आत घेऊन बिनवासाचं करून टाकतं.

पण नाकाला वास आला नाही म्हणून निर्धास्त होऊ नका, कारण कच्चा माल बिनवासाचा असतो आणि तो महिनाभराने ग्लासात वास देतो. दोन झाकणबंद बाटल्यांत नमुना घ्या. एक ६५ अंशांच्या पाण्यात वीस मिनिटं ठेवा, मग दोन्ही थंड करून हुंगा. तापवलेल्या बाटलीला लोण्याचा वास आला तर टाकी अजून गार करायची नाही.

संत्र्याची_साल | १९ जानेवारी, रात्री ११:३०

काल चौथी बॅच लावली. सगळं आरओ, क्षार एलआयटीभाऊंच्या मापाने. पिल्सनर ९ किलो, म्युनिक ७०० ग्रॅम, साउअरमाल्ट ३०० ग्रॅम. मॅश ५.३८. स्पार्जचा शेवटचा रस ५.७. उकळीनंतर ५.२. रसाचा रंगही मागच्या वेळेपेक्षा उजळ दिसतोय. पाच ताजी पाकिटं, १२ अंश. यीस्ट घालण्याआधी रसात ऑक्सिजन सोडला. विसाव्या तासाला फेस धरला होता. टाकीजवळ खुर्ची टाकून बसले होते.

संत्र्याची_साल | ३ फेब्रुवारी, सायंकाळी ७:००

११.८ प्लेटोवरून (रसातली साखर मोजायचं एकक) २.३ वर आली. ४ वर असताना १६ अंशांना नेली होती. पहिल्या बाटलीच्या चाचणीत लोणी आलं, मी घाबरले. दोन दिवसांनी परत केली, दोन्ही बाटल्या सारख्या. आज १ अंशावर नेतेय. थोडा गंधकाचा वास आहे.

इसारकाठ | ३ फेब्रुवारी, रात्री ८:२०

गंधकाची काळजी नको. या यीस्टला तो येतोच, थंडीत चार आठवड्यांत निघून जातो. हात लावू नका, टाकी उघडू नका.

संत्र्याची_साल | ५ मार्च, रात्री १०:१०

आज ग्लासात घेतली. मालक, स्वयंपाकघरातले दोघे आणि मी, चौघांनी तिसरी बॅच आणि ही शेजारी शेजारी ठेवून, ग्लासांवर फक्त आकडे लिहून चाखली. चौघांनीही हीच उचलली. तुरटपणा नाही. घोटानंतर पावाची गोडी राहते आणि मग तीही हळूच जाते. गंधक गेला. माझ्या जिभेला कडवटपणा किंचित कमी वाटतो, पुढच्या वेळी १८ चे २० आयबीयू करीन. बहुतेक जुन्या पाण्यातला खरबरीतपणाच मी आजवर हॉपचा कडवटपणा समजत होते.

पाचव्या बॅचला यीस्ट हेच. या बॅचच्या तळाचं यीस्ट काढून ठेवलंय, आठवड्याच्या आत वापरीन.

तर्री_पोहे | ५ मार्च, रात्री १०:४०

ताई, अभिनंदन! बोअरचे पाणी मग आता कशालाच नाही का?

संत्र्याची_साल | ६ मार्च, सकाळी ८:००

आहे ना. सहावी बॅच डंकेल करायची आहे, म्युनिक माल्टची, गडद. बोअरचं पाणी सरळ नाही, आपलं २४४ आहे आणि म्युनिकचं १७५. म्हणून अर्धं आरओ, अर्धं बोअर, उर्वरित क्षारता १२२ च्या आसपास येईल. स्पार्जला मात्र नुसतं आरओ. मेमध्ये बोअरचा नवा रिपोर्ट काढणार आहे, पत्थरकाकांनी सांगितल्याप्रमाणे. तो आला की इथेच टाकते, प्रमाण तेव्हा परत काढावं लागेल.